रविवारच्या लाल चौकटी

रोपवाटिकेतल्या कारकुनाला सगळे रंगारी म्हणत. ब्रश त्याने जन्मात धरला नव्हता. पण कुंड्यांमधल्या ओलाव्याचे आकडे संगणकात भरायचे आणि तीसच्या खालची प्रत्येक चौकट हाताने लाल करायची, यात त्याची अर्धी सकाळ जाई. माणूस सज्जन, पण भित्रा इतका की मालक शिंकले तरी हाच म्हणायचा, "चुकलं, साहेब!"

शेवटी कंटाळून एका सोमवारी त्याने चार ओळींचा कोड लिहिला. आकडा तीसच्या खाली गेला, की चौकट आपोआप लाल.

त्याच सोमवारी रोपांनी पुन्हा माना टाकल्या. दर सोमवारचंच रडगाणं ते. मालकांनी माळीणबाईंना ऑफिसात बोलावलं. "तुमच्या हाताला गुणच नाही. उद्यापासून येऊ नका." मालकीणबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, आधी आकडे तरी बघा."

रंगाऱ्याने सगळ्यांसमोर कोड चालवला. झाडून सगळे रविवार लालभडक! रविवारी माळीणबाईंना सुट्टी. त्या दिवशी पाणी घालायचं आणि ओलावा लिहायचा, हे काम मालकांनी मोठ्या हौसेने स्वतःकडे घेतलेलं. त्या चौकटी कायम कोऱ्या. हाताने रंगवताना रंगारी त्या अदबीने ओलांडून जायचा. कोडला कसली आलीय भीडभाड? त्याच्या लेखी कोरं म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे लाल.

"कोड चुकलाय तुमचा," मालक गरजले. "पुसा तो लाल!"

चुकला होताच की. एक ओळ वाढवली असती, तर कोऱ्या चौकटी पांढऱ्या झाल्या असत्या. रंगाऱ्याचा हात कीबोर्डवर गेलासुद्धा. समोर माळीणबाई खुरपं घट्ट धरून उभ्या होत्या, डोळ्यांत पाणी. बिचारीची भाकरी जायची वेळ आली होती, आणि ती याच्या एका ओळीवर. काय वाटलं कोण जाणे, पठ्ठ्याने हात मागे घेतला.

"पुसतो, साहेब," तो चाचरत म्हणाला. "तुम्ही फक्त रविवारचे आकडे सांगा. ते भरले की लाल आपोआप जाईल."

मालकांनी छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मालकीणबाई मात्र मालकांकडेच बघत होत्या.

"रोपांना पाणी घालायचंय म्हणून दर रविवारी घरातून निघता ना हो तुम्ही?"

"ते... मित्राकडे... पत्त्यांचा डाव..." मालक पुटपुटले.

"माळीणबाई, तुम्ही जा बरं कामाला," मालकीणबाई म्हणाल्या. मग कोपऱ्यातली झारी उचलून त्यांनी मालकांच्या हातात दिली. "आणि तुम्ही निघा. तुमचा रविवार राहिलाय."