तिसरा गिअर आणि मुगाची चाळणी

सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी अमरावतीहून रिसोडला आले, तेव्हा सासरी एक जुनी मोटार होती. बदली होऊन जाणाऱ्या एका डॉक्टरांकडून सासऱ्यांनी ती घेतलेली. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. कापडाचं दुकान सोडलं तर त्यांचा सगळा जीव त्या मोटारीत. पण तिसऱ्या गिअरमध्ये टाकली की गिअर आपोआप सुटायचा आणि इंजिन नुसतंच ओरडत राहायचं. म्हणून सासूबाई पुढं बसून गिअरचा दांडा उजव्या हातानं दाबून धरायच्या. वाशिमला जाऊन येईस्तोवर त्यांचा हात बधिर होई.

अकोल्याच्या मिस्त्रीनं गाडी आठ दिवस ठेवून जा म्हणून सांगितलं. मामाजींना ते पटेना. परक्या माणसाच्या हाती गाडी सोपवायची म्हणजे त्यांना झोप लागली नसती. एका रविवारी, दुकान बंद असताना, त्यांनी अंगणात बारदाना अंथरला आणि मला हाक मारली.

"सूनबाई, तू बीएस्सी झालेली ना? हे वाच."

गाडीबरोबर आलेलं ते इंग्रजी पुस्तक होतं. मामाजी मराठी सातवीपर्यंत शिकलेले. मी डोक्यावर पदर घेऊन ओसरीच्या कडेला बसले आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. त्यांच्यासमोर मी इतकं सलग पहिल्यांदाच बोलत होते. आवाज पदराबाहेर जात नव्हता.

त्यांनी तेल काढलं, गाडीच्या आतली पत्र्याची फळी उचकटली, गिअरबॉक्सचं वरचं झाकण सोडवून बारदान्यावर आणलं. त्या झाकणातच गिअर बदलणाऱ्या तीन सळया होत्या. पुढं पुस्तकात लिहिलं होतं, की सळई ओढताना भोकावर फडकं धरा, नाहीतर गिअर जागेवर धरून ठेवणारी आतली स्प्रिंग आणि छर्रा, म्हणजे पोलादाची गोळी, उडेल. मी ते सांगितलं. मामाजींनी सळई ओढली. टक्कन आवाज झाला, स्प्रिंग त्यांच्या मांडीवर पडली आणि छर्रा दिसेनासा झाला.

"पुस्तकात हे लिहिलंच नाही काय?" ते माझ्याकडे वळले.

"लिहिलंय. मी सांगितलं होतं, मामाजी."

"मंग मले ऐकू काहून नाही आलं?"

मी खाली बघितलं. त्यांनी सळई खाली ठेवली. मग म्हणाले, "त्या पदरात बोलशील तर कोणाले ऐकू येईन? मोठ्यानं बोलत जाय बाई. मी काही वाघ नोहो."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या हसल्या, तेव्हा मलाही हसू आलं.

छर्रा शोधायला आम्ही तिघंही जमिनीवर वाकलो. अंगणात सासूबाईंनी धोतरावर मूग वाळत घातले होते. मामाजी त्यात हात घालणार, तोच त्या ओरडल्या, "तेलाचे हात नका लावू! सरका तिकडं." त्यांनी चाळणी आणली आणि मूठ मूठ मूग चाळायला बसल्या. मूग खाली पडत होते. पाचव्या-सहाव्या मुठीला चाळणीत खणकन वाजलं.

बाकीच्या दोन सळयांच्याही स्प्रिंगा काढून त्यांच्याशेजारी ही ठेवली, तर ती ज्वारीच्या दाण्याभरानं आखूड होती. दबून दबून दमली होती बिचारी. नवी मिळेपर्यंत काय करायचं? मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं म्हटलं, "स्प्रिंगच्या मागं बारीक वायसर घातला तर?" मामाजींनी माझ्याकडे बघितलं आणि तडक सायकलच्या दुकानदाराचं घर गाठलं. मूठभर वायसर घेऊन आले. त्यातला तिसरा बरोबर बसला.

झाकण लावायला घेतलं तेव्हा ऊन उतरलं होतं. आम्ही जैन, आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं असे. सासूबाईंनी दोनदा हाक मारली. "दिवस बुडून राह्यला. जेवून घ्या."

"उघडं ठेवलं तं आत धूळ जाईन," मामाजी म्हणाले आणि बोल्ट आवळत राहिले. शेवटचा बोल्ट बसला तेव्हा दिवस मावळला होता. त्या दिवशी ते उपाशी झोपले. सासूबाईंनीही स्वतःचं ताट वाढून घेतलं नाही. मला मात्र त्यांनी आधीच दटावून जेवायला घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं तेल भरून आम्ही वाशिमच्या रस्त्याला लागलो. तिसरा गिअर पडला. सासूबाईंचा हात सवयीनं दांड्यावर गेला.

"काढ हात," मामाजी म्हणाले.

त्यांनी भीत भीत काढला. गिअर सुटला नाही. पुढचा चढ आला, तरी सुटला नाही. "मंग आता म्या हात कुठी ठेवू?" त्यांनी विचारलं. आरशात मला मामाजींचे डोळे दिसले, ते हसत होते.

तिसरा गिअर मग पुष्कळ वर्षं टिकला. त्या खटाटोपात रिव्हर्सचं मात्र काहीतरी बिनसलं, ते शेवटपर्यंत सुधारलं नाही. गल्लीतून गाडी मागं काढायची झाली, की मामाजी स्टिअरिंग धरत आणि आम्ही सासू-सुना पदर खोचून पुढून ढकलत असू.