स्लॅबखाली अजराबी

अजराबीच्या बापाची एक रीत होती. रस्त्याखालच्या मोरीच्या स्लॅबला दिलेले सेंट्रिंगचे टेकू निघाले की तो स्वतः त्या स्लॅबखाली जाऊन बसायचा आणि वरून भरलेली गाडी न्यायला लावायचा. "हमीच नइं बैठे तो लोगां भरोसा काइकू करींगे?" म्हणायचा. बाप गेला. मजुरांची टोळी अजराबीकडं आली, तशी रीतही आली. जवळा बाजारच्या रस्त्यावरच्या सगळ्या मोऱ्या तिच्या टोळीनं बांधल्या, आणि प्रत्येकीखाली ती बसली.

त्यातल्या एका मोरीजवळ रस्ता खचला. मोरी अजराबीची, दोन्ही अंगांचा मातीचा भराव रस्त्याचं कंत्राट घेतलेल्या कंपनीचा. कंपनीनं दोष मोरीवर ढकलला आणि तिचं बिल अडवलं. कोर्टात गेलं की वर्षं जाणार, म्हणून दोघांनी मध्यस्थ मान्य केला. निवृत्त अभियंते विश्वंभरराव. अजराबीची अट एकच होती: बांधाचं भांडण बांधावर मिटतं, मोरीचं मोरीवर मिटवा.

कंपनीचा मॅनेजर श्रेयस मोरीवर कागद घेऊनच आला. "चाची, फक्त एक ओळ आहे. मोरीचं काम कच्चं होतं. सही करा, सगळं बिल निघेल."

"बिल पायजेच. पन नाव विकून न्हाई."

"उगीच हट्ट करताय."

"मोरी कच्ची म्हनता ना? बरं."

तिनं ओढणी डोक्याला आवळली, कोरड्या ओढ्यात उतरली आणि स्लॅबखाली जाऊन बसली. तिथूनच ड्रायव्हरला ओरडली, "रतनसिंग, मुरमाचा टिप्पर आन वरून!"

श्रेयस हादरला. "अहो, काही झालं म्हणजे?"

"घाबरता काहून? तुमच्या कागदात तर होऊनच गेलंय!"

विश्वंभरराव कठड्यावरून वाकले. "अजराबी, याला पुरावा म्हणत नाहीत."

"पुरावा न्हाई देऊन राहिले, साहेब. सही काहून करनार न्हाई, ते सांगून राहिले."

म्हातारा पँट दुमडून खाली उतरला आणि तिच्या शेजारी टेकला.

टिप्पर आला. आधी अलीकडच्या भरावात चाक धप्पकन आदळलं. मग ते सगळं ओझं डोक्यावरून सरकत गेलं. वाळूचा कणही पडला नाही. पलीकडच्या भरावात पुन्हा धप्प. विश्वंभररावांनी तिच्याकडं पाहिलं. ती समोरच्या उन्हाकडं बघत होती.

वर येऊन त्यांनी ती ओळ खोडली. "श्रेयस, खचलाय तो तुमचा भराव. उकरून बघा. बिल अडवायला कारण उरलेलं नाही."

श्रेयस बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. परत आला तेव्हा चेहरा आंबला होता. "ठीक आहे. बिल निघेल. पण यापुढं कंपनी तुम्हाला काम देणार नाही. तेही लिहू."

"लिवा. ठळक लिवा."

ते लिहून झाल्यावर अजराबीनं खाली सही केली आणि पेन त्याच्या हातात दिला.

"पुढची मोरी कुनालाबी द्या," ती म्हणाली. "फक्त तिच्याखाली बसनारा मानूस बघा."