नातीच्या लॅपटॉपातली विहीर

विहिरीच्या आतला एक दगड सुटून खाली मोटारीवर पडला, त्या दिवसापासून मी धड जेवले नाही. लेकानं वरून दोर लावून ओढलं, मोटार हलली नाही. इकडं वांग्याची झाडं दुपारी माना टाकायला लागलेली. शेलूबाजारचा क्रेनवाला सोमवारच्या आत येत नाही म्हणाला. तेव्हा लेक म्हणाला, "मीच उतरतो. दोन मिनिटाचं काम आहे."

मला त्या दोन मिनिटांचीच भीती होती.

पुण्यातल्या कंपनीत काम करणारी त्याची पोरगी तेव्हा घरीच होती. ओसरीत लॅपटॉप मांडून नोकरी करायची. पावसाळ्यात विहिरीच्या बांधणीला चीर गेली, तेव्हाच तिनं लॅपटॉपात त्या विहिरीचं एक जाळं मांडलं होतं. पाऊस, चीर, दगडांमागची माती, सुटलेले दगड, असे गोल, आणि एकातून दुसऱ्यात जाणारे बाण. शेवटच्या गोलात 'बांधणी ढासळेल'. काही नवं कळलं की ती एका गोलात भरायची आणि बाकीच्यांतले आकडे आपोआप बदलायचे. आता दगड पडल्याचं भरलं, तसा शेवटचा आकडा वर चढला.

"म्हंजे पडते का?" मी विचारलं.

"तसं नाही सांगत हे, आजी. शक्यता किती, ते सांगतं."

"शक्यता तं मलेही माहीत आहे. त्याले उतरू द्याचं का नाही, ते विचार तुह्या यंत्राले."

मग नातीनं जाळ्याला एक चौकोन जोडला: उतरायचं की थांबायचं. गोल आपल्या हातात नसतात, चौकोन असतो, म्हणाली. त्यापुढं शंकरपाळ्यासारखा एक आकार काढला. कशाची किती किंमत, ते त्यात लिहायचं. मोटार निघाली आणि बाबा वर आले, याला शंभर. सगळ्यात वाईटाला शून्य. ते सगळ्यात वाईट म्हणजे काय, हे तिनं लिहिलं नाही. नुसतं शून्य टाकलं.

"आणि वांगी वाळली, पण बाबा घरीच, याला किती?"

लेक कमरेला दोर बांधून उंबऱ्यात उभा. "चाळीस," तो म्हणाला.

यंत्र म्हणालं, उतरा.

"नव्व्याण्णव," मी म्हणाले.

यंत्र म्हणालं, थांबा.

"माय, तुले कोनं विचारलं? वांगे कोनाचे?"

"वांगे तुहे, तू माहा."

तो काही ऐकेना. "पन्नास करून पाय. अजून उतराच म्हणते नं? मंग झालं."

मला हसू आलं. नवी नवरी असताना मीही देवापुढं ज्वारीचे दाणे मांडायची. जोडीजोडीनं मोजायचे, जोड्या पुरल्या तर होकार, एक उरला तर नकार. एक उरला की मी शहाणी इकडंतिकडं पाहून तो दाणा खाऊन टाकायची. माहेरी जायला देव मला कधी नाही म्हणाला नाही. त्या वर्षी निम्मं पोट मी देवाच्या नकारांवरच भरलं असेल.

"बापा, दाणे नको खाऊ," मी म्हणाले.

नात त्याच्याकडं वळली. "बाबा, किंमत तुमच्या मनाची ठेवा. पण आधी आत पाहू तर द्या." तिनं पहिल्या चौकोनाआधी दुसरा चौकोन जोडला: पाहणी. पाहून जे दिसेल, त्याचा बाण उतरायच्या चौकोनाकडं. मग आम्ही विहिरीवर गेलो. बादलीत तिचा मोबाइल व्हिडिओ चालू करून बांधला, बॅटरी लावली आणि बादली हळूहळू सोडली.

बादली वर आल्यावर तिघांनी मिळून व्हिडिओ पाहिला. खालच्या थरांतल्या दगडांमागं माती नव्हतीच. नुसता काळा पोकळ अंधार, आणि एकमेकांना टेकून उभे दगड. ओसरीत येऊन नातीनं ते गोलात भरलं. आता चाळीसला सुद्धा यंत्र थांबाच म्हणालं.

"तीस कर," लेक म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"नाही करत." तिनं लॅपटॉप मिटला.

तो दोर सोडायला लागला तर गाठ सुटेना. माझे उरलेसुरले दात तेव्हा कामी आले.

सोमवारी क्रेनवाल्यानं वरूनच मोटार काढली. तोवर निम्मी वांगी गेली होती. आणि ती बांधणी अजून पडलेली नाही. लेक जातायेता म्हणतो, "पाय माय, उभीच आहे. उगाच भेवाडलं मले तुमी दोघींनं. आता मोटार अडकली तं मी उतरतोच."

दुपारी मळ्यात कुणी नसलं की मी काठापासून लांब उभी राहून आतला आवाज ऐकते. एकदाची ढासळून जा बाई, असं मनात येतं. ती जितके दिवस उभी राहील, तितका त्याचा धीर वाढत जाणार.