पहिली चावी

मधू गेल्याचं कळलं तेव्हा मी मरोळच्या आमच्या गॅरेजमध्ये एका जीपखाली होतो. समोरच्या दुकानात त्याच्या मेव्हण्याचा फोन आला, दुकानदार धावत सांगायला आला... हार्ट अटॅक. चाळिशीही गाठली नव्हती. महिना उलटून गेला, लोक अजून त्याच्याबद्दल भरभरून बोलतात, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकताना मला अजूनही आत टोचतं. गेलेल्या मित्राचा हेवा वाटणं बरं दिसत नाही, पण माझी ही सवय फार जुनी आहे.

गॅरेज माझ्या वडिलांचं. पेट्रोल परवडेनासं झालं तसे लोक जुन्या जीप घेऊन आमच्याकडे यायला लागले. पेट्रोलचं इंजिन उतरवायचं आणि डिझेलचं चढवायचं, हा आमचा धंदा. मधू आमच्याच गावचा, माझ्याच वयाचा, माझ्याबरोबरच कामाला लागलेला. निम्मं काम माझं असायचं, कधी जास्तच. पण नव्या इंजिनाची पहिली चावी मारायचा मान बाबा एकालाच देत. गिऱ्हाईक नारळ फोडायचं, मधू सीटवर बसून विचारायचा, "मारू का, काका?" बाबा म्हणायचे, "मार." मी बाजूला फडक्याने हात पुसत उभा. इंजिन धडधडायला लागलं की बाबांचा चेहरा जसा खुलायचा, तसा माझ्या दहावीच्या निकालालाही खुलला नव्हता. त्यात मधूचं अक्षर सुंदर. सवयीने एखादा ड्रायव्हर पुन्हा पेट्रोलच भरेल म्हणून टाकीच्या झाकणाशेजारी तो लाल रंगाने 'डिझेल' लिहायचा. गिऱ्हाइकं इंजिन सोडून त्या अक्षरांचं कौतुक करायची. माझं अक्षर कसं आहे, हे कुणी विचारलंच नाही.

एकदा मात्र वाटलं, आली आपली पाळी. कांजूरमार्गच्या एका भाजीच्या व्यापाऱ्याची जीप तयार होती आणि मधू मुलुंडला मुलगी बघायला गेला होता. व्यापारी नारळ घेऊन उभा. मी साबणाने हात धुतले, केसही सारखे केले आणि सीटवर जाऊन बसलो. चावीला हात लावणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. मधूक येवंदे."

व्यापाऱ्याला चहा पाजला, मग दुसरा. मी तसाच सीटवर... उतरलो तर सगळे बघतील म्हणून. मधू संध्याकाळी आला, इस्त्रीच्या शर्टात, गालातल्या गालात हसत. मुलगी पसंत पडली होती. मी उतरलो, तो बसला. त्या दिवशी त्याला बायकोही मिळाली आणि चावीही, मला एक पेढा मिळाला. नंतर त्याने हळूच विचारलं, "तू का नाय मारलीस रे?" त्याला खरंच कळलं नव्हतं. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

बाबा गेले ते मला एकदाही "मार" न म्हणता. मधूने मग मुलुंडला स्वतःचं गॅरेज काढलं. आता माझ्या गॅरेजमधली प्रत्येक पहिली चावी मीच मारतो. पण विचारायला कुणी उरलं नाही, त्यामुळे त्यात काही मजा नाही.

मागच्या रविवारी मधूच्या बायकोने, शैलावहिनींनी बोलावलं. त्याची स्वतःची जीप सोसायटीच्या आवारात तो गेल्यापासून एकाच जागी उभी होती, ती जरा बाजूला घ्यायची होती. टाकीशेजारी तेच लाल 'डिझेल'. अक्षर अजून झकास होतं. मी सीटवर बसलो आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "मारू का?"

वहिनी पायरीवर उभ्या होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "मारा ना, भावोजी," त्या म्हणाल्या.

मारली. इंजिन फिरलं, पण सुरू झालं नाही. पुन्हा मारली, पुन्हा तेच. इतके दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या पाइपात हवा धरते हे मला ठाऊक आहे, ती कशी काढायची तेही. पण पान्हा घ्यायला उतरण्याआधी मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो, त्या दिवशीसारखा. मग स्टिअरिंगवर हात ठेवून हळूच म्हटलं, "तो नाय येत आता. माझ्याच हाताने सुरू हो."