बिनविरोध आणि हाइके

एकाच माणसाचे किती किस्से जमावेत याला काही लिमिट असतं. हाइकेच्या बाबतीत ते केव्हाच ओलांडलं. इथे वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल गावात आमच्या ग्रुपचं कुठलंही पॉटलक असो, जेवण अर्ध्यावर आलं की कुणीतरी म्हणतंच, "हाइकेचं ते ऐकलं का?" बहुतेक वेळा हाइके समोरच बसलेली असते आणि शांतपणे पुन्हा वरणभात वाढून घेत असते.

हाइके म्हणजे आमच्या नागपूरच्या प्रदीपची बायको. मूळची पूर्व जर्मनीतली, म्हणजे जो कम्युनिस्ट देश आता नकाशावरच नाही, तिथली. मराठी झकास बोलते, प्रदीपपेक्षा शुद्ध. ती आणि मी एकाच बायोटेक कंपनीत, एकाच मजल्यावर. शिवाय मी इथल्या आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. तेव्हा किस्से सांगायचा पहिला हक्क माझा.

*

कंपनीत दर वर्षी एक सर्व्हे येतो. काम कसं वाटतं, मॅनेजर कसा आहे वगैरे. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'पूर्णपणे निनावी'. आम्ही सगळे त्यात मनातली जळजळ ओतून मोकळे होतो. हाइकेनं मात्र सगळीकडे 'अत्यंत समाधानी'वर क्लिक केलं. मी चाटच पडलो, कारण त्या मॅनेजरवर सगळ्यात जास्त वैतागलेली तीच.

"अगं, निनावी आहे ते," मी म्हटलं.

"निनावी आहे, तर मी अजून भरला नाही हे त्यांना कसं कळलं? रिमाइंडरवर रिमाइंडर येत होते मला."



"मग तुझं खरं मत सांगणार कधी?"

"सांगितलं की. काल. त्याच्या केबिनमध्ये जाऊन, दार लावून."

तरीच तो मॅनेजर त्या आठवड्यात आमच्याबरोबर लंचला आला नव्हता.

*

आमच्या वॉशिंग्टन राज्यात मतपत्रिका पोस्टानं घरी येते. त्यामुळे आमच्याकडे एक पद्धत पडून गेलीय. शनिवारी सकाळी सगळी जोडपी आमच्या डायनिंग टेबलाशी जमतात, मिसळ हाणतात आणि मतपत्रिका भरतात. जजेसची नावं कुणाच्या बापाला माहीत नसतात. मग एक जण गूगल करतो आणि बाकीचे त्याचं बघून गोल काळे करतात.

हाइके सिटिझन झाली त्या वर्षी तिलाही बोलावलं. बिचारी नवी साडी नेसून आली. माझी बायको माधुरी मला विचारत होती, "अहो, या तिसऱ्या प्रस्तावाला हो की नाही?" मी "हो" म्हटलं आणि तिनं गोल भरला. हाइकेनं ते पाहिलं. उठली, मतपत्रिका उचलली, सरळ आमच्या बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली.

बाहेर पोरांची रांग लागली. "मावशी, आय रिअली नीड टू गो," म्हणून एक जण दार वाजवत होता. हाइके सगळं भरून, पाकीट चिकटवूनच बाहेर आली.

"झालं माझं मतदान," म्हणाली. आणि मग मिसळ मागितली.

आम्ही खूप हसलो. पण पुढच्या निवडणुकीला माधुरी आपली मतपत्रिका घेऊन बाथरूममध्ये गेली. तेव्हापासून ती कुणाला मत देते ते मला माहीत नाही.

*

आमची ईशा कॉलेजातून सुट्टीला आली होती. सध्या तिचं सगळं बोलणं कॅपिटॅलिझमच्या विरोधात असतं, आणि फोन नवा लागतो. प्रदीप पक्का दुसऱ्या बाजूचा. दोघांची जुंपली. प्रदीपला वाटलं, आपल्याकडे हुकमाचा पत्ता आहे.

"हाइके, तू सांग बरं हिला, कम्युनिझम काय असते ते."

हाइकेनं थोडा विचार केला. "पाळणाघर फार छान होतं."

प्रदीपचं तोंड बघण्यासारखं झालं. ईशा टाळी द्यायला पुढे सरकली.

"आणि तिथल्या बाई," हाइके म्हणाली, "आम्हा मुलांना विचारायच्या, घरी बाबा टीव्हीवर कुठला चॅनेल बघतात, आपला की सीमेपलीकडचा. आम्ही सांगायचो."

ईशाचा हात तसाच राहिला. "सो व्हिच साइड आर यू ऑन, मावशी?"

"ज्या बाजूला कडी आतून असते."

"अबे, काय बोलून राहिली ही," प्रदीप म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला.

*

आता मंडळाचं. आमच्या मंडळाला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. निवडणूक कधीच झाली नाही. दर वर्षी अध्यक्ष बिनविरोध. कुठे भांडण नाही, गट नाहीत, आणि अध्यक्ष बहुधा मीच. मी विचारायचो, "सगळ्यांना मान्य?" आणि बटाटेवड्यावरून नजर न काढता सगळे हात वर करायचे.

हाइके पहिल्यांदा सभेला आली तेव्हा ते हात बघून उठून बाहेरच गेली. मी मागे गेलो. पार्किंग लॉटमध्ये उभी होती.

"एकही हात खाली नाही, शेखर. कसं चालतं तुम्हाला?"

"अगं, हा एकोपा आहे."

"आमच्याकडेही एकोपाच म्हणायचे."

मग तिनं सांगितलं. त्यांच्याकडे मतदान म्हणजे सरकारनं दिलेल्या यादीची घडी घालायची आणि पेटीत टाकायची. नको असलेलं नाव खोडायचं तर कोपऱ्यातल्या पडद्याआड जावं लागायचं, आणि जो आत जाई त्याची नोंद होई. हाइकेची आई एकदा आत गेली. हाइकेचा कॉलेजचा प्रवेश रद्द झाला. विरोधातली मतं खरोखर किती पडली, ते तर कधी कुणी सांगितलंच नाही.

"पुढे भिंत पडली, मी शिकले, सगळं नीट झालं," हाइके म्हणाली. "पण आई त्यानंतर एकदाही मतदानाला गेली नाही. म्हणते, माझ्या मतानं मुलीचं वाटोळं होणार होतं. दर निवडणुकीला आम्ही फोनवर भांडतो. मरायच्या आधी तिनं पुन्हा एकदा तरी पडद्याआड जावं, एवढंच मला वाटतं."

मी तिला आत घेऊन आलो.

*

पुढच्या वर्षी हाइकेच्या हट्टापायी मंडळात पहिली निवडणूक झाली. माझ्याविरुद्ध आमच्यातलीच सुनीता उभी राहिली आणि निवडणूक अधिकारी अर्थातच हाइके. शाळेच्या कॅफेटेरियात आमच्या नाटकाचा पडदा कोपऱ्यात टांगला. राइस कुकरच्या खोक्याची पेटी केली. मेंबरशिप रिन्यू केली नाही म्हणून हाइकेनं दोन माजी अध्यक्षांना परत पाठवलं. मी मधे पडलो तर मलाही गप्प केलं.

तिची आई तेव्हा लाइपझिगहून आलेली होती. ऐंशी पार केलेल्या, ताठ कण्याच्या बाई. मागच्या खुर्चीत प्रदीपशेजारी बसून पडद्याकडे बघत होत्या. रांग संपत आली तशा उठल्या आणि रांगेत शेवटी उभ्या राहिल्या.

त्या टेबलापाशी पोचल्यावर हाइकेनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मेंबर नाही ती," कसंबसं म्हणाली.

"आहे," मी म्हटलं. "फॅमिली मेंबरशिपमध्ये भेटीला आलेले आईवडील धरलेले आहेत. नियम आहे मंडळाचा."

हाइकेनं चिठ्ठी दिली. आईंनी पेन मागून घेतलं आणि पडद्याआड गेल्या. बराच वेळ आत होत्या. कुणी घाई केली नाही.

मोजणीत मी निवडून आलो, सांगायला हरकत नाही. एका चिठ्ठीवर मात्र दोन्ही नावं खोडलेली होती. माझं आणि सुनीताचं, एकेका नावावर एकेक सरळ रेघ.

मागून जर्मनमध्ये काहीतरी प्रश्न आला. प्रदीपनं उठून सांगितलं, "आई विचारून राहिल्या, तेही मोजता का?"

हाइकेनं खडू उचलला. फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं, 'अवैध – १'. मग खाली माझं नाव लिहायला घेतलं.