लक्झेंबर्गला कुणी विचारलं?

अप्पा गेल्याचा फोन रहिमतपुरात आमच्या घराखालच्या एसटीडी बूथवर आला. बूथवाल्यानं जिन्याखालून हाक मारली, "बाई, सांगलीचा फोन हाय," आणि मी पाट्यावरची मिरची तशीच टाकून खाली गेले. पलीकडून वहिनी रडत होत्या. मला मात्र आधी रडू आलं नाही, राग आला. भांडण अर्धवट टाकून उठून जायची अप्पांना सवयच होती... ह्या वेळी कायमचेच उठले. त्यानंतर त्यांच्यावर पुष्कळ छापून आलं. राज्यशास्त्राचे प्राध्यापक, युरोपातल्या चिमुकल्या देशांचे अभ्यासक, समतेचे पुरस्कर्ते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण बाकीच्यांनी एवढं गोड वाढलंय, तर सख्ख्या बहिणीनं चमचाभर खर्डा वाढायला हरकत नसावी.

आम्ही तिघं भावंडं, वडूजजवळच्या कोरडवाहू गावातली. मोठे अप्पा, मधले तात्या आणि धाकटी मी, इंदू. अप्पा साताऱ्याला कॉलेजात शिकत होते तेव्हा एका सुट्टीत जेवताना त्यांनी आम्हाला युरोप शिकवला. आमटीची मोठी वाटी म्हणजे नेदरलँड, भाजीची मधली म्हणजे बेल्जियम आणि खर्ड्याची ती इवलीशी पितळी वाटी म्हणजे लक्झेंबर्ग. महायुद्धात तिघांचीही घरं तुडवली गेली, तेव्हा तिघांना शहाणपण आलं. आपसातली जकात काढून टाकली. माल इकडून तिकडे जाऊ लागला, माणसं कामाला जाऊ लागली, जगाशी बोलताना तिघं मिळून बोलू लागले. त्याला म्हणायचं बेनेलक्स. "आन् ह्यात लक्झेंबर्गला कोन इचारतंय?" तात्यानं विचारलं. अप्पा एकदम ताठ झाले. "तीच तर गंमत हाय गड्या. बारका असला तरी त्याची खुर्ची तेवढीच उंच. त्याला इचारल्याबिगर दोघं काय ठरवत न्हाईत." मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "ही आपली लक्झेंबर्ग!" मला इतका आनंद झाला की पुढं कितीतरी दिवस मी त्या पितळी वाटीत दुसऱ्या कुणाला काही वाढू दिलं नाही.

मूर्ख होते मी. वर्गात शिकवायच्या गोष्टी वेगळ्या आणि घरात वागायच्या वेगळ्या, हे मला स्वतः शाळामास्तरीण झाल्यावरही कळलं नाही. ते कळलं वडील गेल्यावर, त्यांच्या वर्षश्राद्धाला. त्याच सुमाराला युरोपातले बारा देश एकत्र यायचं ठरवत होते आणि अप्पांच्या आनंदाला जागा पुरत नव्हती. सांगलीहून येतानाच ते बोलत आले होते, सगळ्यांच्या आधी त्या तीन बारक्यांनी वाट पाडली, मोठे आता त्यांच्या मागनं चाललेत. आणि त्याच दुपारी दारात जीप उभी राहिली. आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. बहिणींना माहेरी बोलवायचं, पुरणपोळी खाऊ घालायची, जीपमध्ये बसवून तालुक्याला न्यायचं आणि बापाच्या जमिनीतला हक्क सोडल्याच्या कागदावर सही घ्यायची. वर एक साडीचोळी. हिस्सा मागणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं, ही म्हणसुद्धा भावांनीच काढलेली असणार.

"इंदे, येक सही कर, बास," तात्या म्हणाला. "साडी घेतलीया बघ, तुझ्या वैनीनं निवडलीया."

मी तात्याकडे पाहिलंच नाही. तो कधी समतेवर बोलला नव्हता. मी अप्पांकडे वळले. "अप्पा, दोघांनी ठरवलं व्हय? लक्झेंबर्गला इचारलं का?"

अप्पा हसले. ते हसणं मी जन्मात विसरणार नाही. "अगं येडे, ते देशांचं झालं. हे घरातलं हाय."

मी सही केली. आई जिवंत होती आणि मला तिच्या उंबऱ्यावर यायचं होतं. साडी मात्र घेतली नाही. स्वयंपाकघरातली ती पितळी वाटी पदरात टाकली आणि संध्याकाळची एसटी धरली.

पुढं दोघा भावांचंच फिसकटलं. सामाईक विहिरीवर पाळीनं पाणी घ्यायचं ठरलेलं होतं. अप्पांची जमीन कसणारा वाटेकरी पाळी मोडतो म्हणून तात्यानं मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं. बेनेलक्स विहिरीच्या काठावरच बुडालं. तेव्हा अप्पा रहिमतपूरला माझ्याकडे आले, मध्यस्थी कर म्हणून. मी जेवायला वाढलं, खर्डा त्याच वाटीत. आल्या आल्या शिकवायला लागले. "युरोपाचं मोठं कोर्ट लक्झेंबर्गात का हाय, ठावं हाय? बारक्याचा कुणाला धाक न्हाई, म्हणून त्याच्यावर समद्यांचा इस्वास. तू मधी पड. तुझं आमी दोघं ऐकू."

"अप्पा," मी म्हटलं, "तुमी दोघांनी तो देश नकाशावरनं पुसलाय. आता कोर्ट कुठं भरवताय?"

भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं अप्पांनी ती वाटी पुसून पुसून खाल्ली. "खर्डा झ्याक झालाय," एवढंच म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले. चुकलो म्हणाले असते, तर मी त्याच एसटीनं तात्याकडे गेले असते. म्हणाले नाहीत. तीच आमची शेवटची भेट.

सांगलीच्या शोकसभेला मी दुसऱ्या रांगेत बसले होते. एक विद्यार्थी म्हणाला, "सर सांगायचे, लहानाला विचारल्याशिवाय मोठ्यांनी काही ठरवू नये." टाळ्या पडल्या. बहिणीला बोलायला कुणी बोलावलं नाही, ते त्यांच्याच शिकवणुकीला धरून झालं.

सभेनंतर अप्पांच्या घरी आलो. वहिनी आत पडून होत्या. भाचा, अप्पांचा मुलगा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "आत्या, ह्या घराच्या कागदावर शैलाची एक सही तेवढी लागेल. तिला काय, सासरी बंगला आहे. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल ती." शब्दसुद्धा तेच, एक सही. बापाचं नाक, बापाचे डोळे आणि चुलत्याची जीभ! पण अप्पांना निदान वर्षश्राद्धापर्यंत थांबायची लाज होती.

मी त्याच्या बहिणीला, शैलाला, स्वयंपाकघरात बोलावलं. रहिमतपूरहून येताना त्या पितळी वाटीत खर्डा आणला होता, अप्पांच्या फोटोपुढं ठेवायला म्हणून. तो ठेवला नव्हता. ती वाटी मी तिच्या हातात दिली.

"ही कुणाची, आत्या?"

"लक्झेंबर्गची."

बापाची मुलगी ती, लहानपणापासून जेवताना युरोप ऐकलेली. आधी हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली.

"सही करू नकोस," मी म्हटलं. "आधी त्याला म्हणावं, समोर बस आणि मला विचार."

तिनं अजून सही केलेली नाही. भाचा माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. फक्त जेवायला बसताना माझा हात अजून फडताळातल्या त्या जागेवर जातो, वाटी नसते, आणि अप्पांचा राग नव्यानं येतो... रागावायला सुद्धा आता ते नाहीत, ह्याचा तर सगळ्यात जास्त.