खाडी किती वाजता भरते

नववीत कॉम्प्युटरच्या सरांनी सांगितलं, प्रत्येकाने आपल्या भागावर एक साधी वेबसाइट बनवायची. सोसायटीतली मुलं मॉल आणि फ्लेमिंगोंवर तुटून पडली. मी करावे गावातली, बाबा खाडीत मासेमारीला जाणारा. मी म्हटलं, आपण भरतीचं वेळापत्रक करू. कोणत्या दिवशी खाडी किती वाजता भरते, एवढंच. पहिला नंबर माझाच, हेही मनाशी ठरवून टाकलं.

आतेभावाचा जुना लॅपटॉप आणला आणि नोटपॅडमध्ये कोड लिहायला बसले. पान उघडलं तर कोरं. एक कंस बंद करायचा राहिला होता. तो सापडेपर्यंत दुपार गेली आणि मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. "मशीनचा राग आमच्यावर कशाला काढतंस?" आई म्हणाली. पण निळ्या पट्टीवर माझं शीर्षक दिसलं, तेव्हा मी आधी तिलाच ओढत आणलं.

वेळा बाबाकडून घ्यायच्या होत्या. महिनाभर रोज चहा पिताना तो दुसऱ्या दिवशीची भरती सांगायचा, पण आधी तिथी. "उद्या पंचमी हाय, म्हंजे..."

मी मधेच तोडायचे. "बाबा, तिथी नको, तारीख सांग." मला एक ते एकतीस असा सरळ तक्ता हवा होता, शाळेच्या वेळापत्रकासारखा, एकदा लिहिला की कायमचा. बाबा हसायचा आणि चहा संपवायचा.

शेवटी संदर्भ लिहायचा होता. सगळ्यांनी लिहिलं, इंटरनेट. मीही तेच लिहिलं. होडी घेऊन जाणारा बाप संदर्भात कसा घालायचा? खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली.

प्रदर्शन पुढच्या महिन्यात होतं. शाळेत कधीच न येणारा बाबा त्या दिवशी धंद्यावर गेला नाही, इस्त्रीचा शर्ट घालून आला. परीक्षक मॅडम माझ्याच कॉम्प्युटरसमोर होत्या. तक्त्यात त्या तारखेपुढे सव्वादोन लिहिलं होतं. बाबाने वाकून पाहिलं.

"सव्वादोन नाय," तो मॅडमना म्हणाला. "आज चौथ हाय. चाराची पाऊनपट, तीन. तीनला भरंल."

मॅडमनी मोबाइलवर पाहिलं. तीनच. माझा तक्ता गेल्या महिन्याचा होता. पाणी तारखेने चालत नाही, तिथीने चालतं, आणि हेच तो महिनाभर मला सांगू बघत होता.

"पाऊण तासच तर चुकलंय," मी पुटपुटले.

"पाऊन तासात होडी चिखलात बसते, बाय."

"मग ही माहिती घेतलीस कुठून?" मॅडमनी विचारलं आणि पान खाली सरकवलं. बाबाने शेवटची ओळ मोठ्याने वाचली, "इंटरनेट." मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाला, "त्याला कुनी सांगितला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडला असता तर परवडलं असतं.

मी मॅडमकडे दहा मिनिटं मागितली. बाबाला शेजारच्या स्टुलावर बसवलं, नोटपॅड उघडलं आणि सगळ्या तारखा पुसल्या. तो प्रतिपदेपासून सांगत गेला, मी लिहीत गेले, आणि या खेपेला मधे एकदाही तोडलं नाही. पंधराच ओळी झाल्या, पण कुठल्याही महिन्यात चालतील अशा. मग शेवटची ओळ बदलली. माहिती: माझे बाबा. शीर्षकापेक्षाही मोठ्या अक्षरांत.

"एवढा मोठा कशाला लिवलंस?"

"लोकांना दिसायला नको?"

नंबर तिसरा आला. मी, जी पाचवीपासून एकेका मार्कासाठी भांडत आले, ती त्या दिवशी कुणाशी भांडले नाही.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले. खाडी भरली असणार. बाबा उठला नाही. कुणी पालक बघायला आले की तो स्टूल जरासा मागे घ्यायचा, म्हणजे त्यांना ती खालची ओळ नीट दिसेल.